नवतप्यातलं बाळंतपण

परवा नवतपा लागला. मे महिना संपता संपता येणारे हे नऊ दिवस नागपुरात कुणाला पंचांगात शोधावे लागत नाहीत. सकाळी आठलाच अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही, नळाला चहाला चालेल इतकं गरम पाणी येतं, आणि बारानंतर गल्ली अशी रिकामी होते की लांबच्या चौकातली सायकलची घंटी घरात ऐकू येते. नाइलाजानं बाहेर पडलेला माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून, भिंतींच्या सावलीसावलीनं चालतो. काल संध्याकाळी आमच्या कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरला, पहिलं पाणी सोडलं आणि तो ओला, मातकट वास खोलीभर झाला. घरातल्या सगळ्यांनी डोळे मिटून तो छातीत भरून घेतला. मी मात्र उठून अंगणात गेले.

सोळा वर्षांपूर्वीच्या नवतप्यात मी बाळंतीण होते. वाळ्याचा वास तेव्हा शेजारच्यांच्या दाराला टांगलेल्या ताटीवरून यायचा, आमच्या खिडकीच्या फटीतून. खिडकी बंद असायची, कारण बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नसतो. त्या वासाची मला भीती वाटत नाही, त्याचा रागही येत नाही. कुतूहल मात्र दरवर्षी वाटतं. त्या फटीजवळ तोंड नेऊन पडलेली ती एकवीस वर्षांची मुलगी कोण होती? तिला नेमकं काय झालं होतं? इतकी वर्षं घरात तिच्याबद्दल कुणी बोललेलं नाही. ‘पहिल्या बाळंतपणात तिची तब्येत जरा बिघडली होती,’ एवढ्या एका वाक्यात तो उन्हाळा आमच्या घरानं घडी घालून ठेवून दिला आहे.

माझं माहेर पारशिवनीजवळच्या खेड्यातलं, शेतीवाडीचं. मी आठवीत असताना आई गेली. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सासरी, नागपुरात झालं. गांधीबागेच्या मागच्या बाजूला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मागे अंगण आणि अंगणात विहीर. माझे यजमान गांधीबागेतल्या कापडाच्या एका ठोक दुकानात कामाला होते. लग्नसराई होती, त्यामुळे सकाळी नऊला गेलेला माणूस घरी परतायचा तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. दिवसभर घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

आत्याबाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा गोष्टीत वाचणारा पहिल्यांदा सासूकडेच पाहतो. त्यांनी माझ्यासाठी डिंक तळला, खोबरं किसलं, आठवडा आठवडा आधी बाळंतशोपा निवडून ठेवल्या. मुलगा झाला म्हणून गल्लीत पेढे वाटले, पण मुलगी झाली असती तरी लाडू त्यांनी तेवढेच वळले असते. त्यांची माया फक्त उष्ण होती. बाळंतिणीचं अंग थंड पडू द्यायचं नाही, हे त्या त्यांच्या सासूकडून शिकल्या होत्या. म्हणून बाहेर गावठी कोंबड्या सावलीत चोच उघडून धापा टाकत असताना माझ्या बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी होती. निखाऱ्यांवर ओवा पडायचा. डोक्याला, कानांना घट्ट फडकं. प्यायला उकळलेलं पाणी, तेही कोमट. खोलीत धूर, तेल, हिंग आणि दूध यांचा मिळून एक वास होता. आजही कुणाच्या घरी ओवा भाजला तरी माझ्या पाठीला घाम सुटतो.

पुढे कितीतरी वर्षं मला वाटायचं, सगळा दोष त्या उन्हाचा आणि त्या शेगडीचा. एवढ्या उकाड्यात कुणाचंही डोकं फिरेल. ही समजूत मला सोयीची होती, म्हणून मी ती जपली. आता वाटतं, शेगडी नसती तरी ते झालंच असतं.

काय झालं होतं, हे सांगायला मला तेव्हा शब्द नव्हता. मॅट्रिक झाले होते, मराठीत चांगले मार्क होते, तरी नव्हता. दुःख म्हणावं तर दुःखाला काही कारण लागतं. मला सगळं होतं. निरोगी मुलगा होता, प्रेमळ नवरा होता, कौतुक करणारं घर होतं. बारशाला बायका आल्या, पाळणा म्हटला, मुलाचं नाव ठेवलं आणि मी काठापदराचं लुगडं नेसून मधोमध बसून विचार करत होते की या सगळ्या बायका कुणाकडे आल्या आहेत. तिसऱ्या दिवशी दूध उतरतं, हे मला चार बायकांनी सांगितलं होतं आणि ते तसंच उतरलं. माया कोणत्या दिवशी उतरते, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी वाट पाहत होते. मुलाला पाजताना त्याचे डोळे, नखं, टाळूवरची धडधडणारी जागा मी न्याहाळून पाहायची. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचं साल पाहावं तसं. सगळं स्पष्ट दिसायचं. आत काही हलायचं नाही.

हळूहळू झोप गेली. मूल झोपलेलं असलं तरी मी जागी असायची. मग भूक गेली. डिंकाचा लाडू तोंडात घातला की तो वाळूसारखा फिरत राहायचा. दुपारी सगळं शांत झालं की डोळ्यांतून पाणी यायला लागायचं. हुंदका नाही, काही नाही, नुसतं पाणी. आत्याबाई पदरानं ते पुसायच्या.

“रडू नको वं बाई. बाळंतिणीचे डोळे जातात अशानं. मायची याद येते का?”

मी मान हलवायची. आईची आठवण हे निदान कारण तरी होतं. त्यांनी मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली, दाराला लिंबू-मिरची बांधली. यजमान आले की उंबऱ्यातूनच विचारायचे, “कशी आहेस?” आणि मी म्हणायची, “बरी आहे.” तेवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. त्या काळी बाळंतिणीच्या खोलीत पुरुष फार वेळ बसत नसत. त्यांनाही काय विचारावं ते कळत नसणार.

ओळखलं ते कौतिकाबाईंनी. मला आणि बाळाला तेल लावायला सव्वा महिना त्या रोज सकाळी यायच्या. शहरातल्याच इंदोऱ्यात राहायच्या. पन्नाशीच्या आसपास, उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं मोजकं. त्यांच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता. आत्याबाई त्यांच्या हाती सून आणि नातू निःशंकपणे द्यायच्या. चहा मात्र वेगळ्या कपबशीत द्यायच्या. तो चहा पुढे आला की कौतिकाबाई म्हणायच्या, “नको बाई, घरून पिऊन आली मी.” हे त्या रोज म्हणायच्या आणि ते का, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

तो नवतप्याचा तिसरा की चौथा दिवस असेल. सकाळचे सातच वाजले होते, पण भिंती तापायला लागल्या होत्या. मी पालथी पडले होते आणि कौतिकाबाई माझ्या पाठीला तेल चोळत होत्या. बाहेरच्या खोलीत बाळ रडायला लागलं. आत्याबाई गच्चीवर कुरड्या घालायला गेल्या होत्या. ते रडत राहिलं. कौतिकाबाईंचे हात थांबले.

“आईकू येते का तुले?”

“येतं.”

“मंग?”

“कुणाचं तरी मूल रडून राहिलं,” मी म्हटलं.

मी ते थट्टेनं म्हटलं नव्हतं, हे त्यांना कळलं. त्या उठल्या, बाहेर जाऊन बाळाला घेऊन आल्या, मांडीवर घातलं आणि त्याच तेलकट हातानं थोपटत मला विचारायला लागल्या. आवाज चढला नव्हता. चेहऱ्यावर धक्का नव्हता. एखाद्याला कुठं दुखतं ते दाबून दाबून पाहावं, तसे त्यांचे प्रश्न होते.

“झोप लागते का?”

“नाही.”

“लेकरू झोपलं असलं तरी?”

“तरी नाही.”

“याले पाहून काय वाटते? खरं सांग. मी कोणाले नाई सांगत.”

“काहीच वाटत नाही,” मी म्हटलं. हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं. म्हटल्यावर वाटलं, आता छत कोसळेल. कोसळलं नाही. बाळाला त्यांच्या मांडीवर उचकी लागली, एवढंच.

मग त्यांनी विचारलं, “आपण नसलो त बरं, असं येते का मनात?”

पुढे मी मास्तरीण झाले, आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. डॉक्टर पाहिले, प्राध्यापक पाहिले. इतका सरळ प्रश्न इतक्या साध्या आवाजात विचारणारं माणूस मला क्वचित भेटलं. मला वाटायचं, असं काही विचारलं तर त्या माणसाच्या मनात नसलेलंही ते येईल. उलट झालं. माझ्या मनात आठ दिवसांपासून ते होतंच, आणि कुणीतरी त्याचं दार बाहेरून वाजवलं होतं.

“मी विहिरीकडं जात नाही,” मी म्हटलं. “मला तिथं जायची भीती वाटते.”

कौतिकाबाईंनी बाळाला मांडीवरून उचलून माझ्याजवळ ठेवलं. मग म्हणाल्या, “भेते ना? हे चांगलं आहे. भेत जा. भेव वाटते म्हणजे तू आहे अजून अंदर.”

त्यांनी माझी पाठ पुसली, मला उठवून बसवलं, डोक्याचं फडकं सोडलं आणि बंद खिडकी सताड उघडली. शेजारच्या ताटीचा ओला वास आत आला. तेवढ्यात आत्याबाई जिन्यावरून खाली आल्या आणि उघडी खिडकी पाहून किंचाळल्याच.

“काहून उघडली वं कौतिका? वारा लागन ना तिले!”

“लागू द्या, बाई. बसा इथं जरा. तुमच्यासंगं बोलाचं आहे.”

त्या दोघींचं बोलणं मी बाजेवर बसून ऐकलं. मी तिथे नाही असं समजून कुणी माझ्याबद्दल बोलत नव्हतं, हे त्या दिवसांत प्रथमच घडत होतं. कौतिकाबाई दर वाक्याला माझ्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, हे बाहेरचं नाही, दृष्टही नाही, नखरे तर नाहीतच. हा बाळंतपणातला आजार आहे. काही बायकांना होतो. हिला एकटं ठेवायचं नाही. विहिरीचं पाणी घरातलं दुसरं कुणीही भरेल, हिनं भरायचं नाही. आणि उद्या सकाळीच हिला दवाखान्यात न्यायचं. सरकारी दवाखान्यात एक लेडी डॉक्टर आहेत, त्या यातलं जाणतात.

“दवाखान्यात? कशाचा दवाखाना?” आत्याबाईंचा आवाज बारीक झाला. “लोक म्हणतीन, सून येडी झाली. पोराचा संसार आहे पुढं.”

“लोकाईचं राहू द्या. तुमाले नुसता नातू पायजे, का नातवाची माय बी पायजे? हे सांगा आधी.”

आत्याबाई माझ्याकडे पाहायला लागल्या. वीस दिवस त्या माझे कान, पोट, दूध, डोळ्यांचं पाणी पाहत होत्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी त्या दिवशी पाहिलं असावं. त्या उठल्या आणि आत जाऊन बराच वेळ भांडी आपटत बसल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, “सकाळी किती वाजता निघाव लागन?” आणि वाकून, कुणी काही न सांगता, त्यांनी बाजेखालची शेगडी ओढून अंगणात नेली.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी ऐन लग्नसराईत सुट्टी घेतली. सायकलरिक्षात आम्ही तिघं. बाळ त्यांच्या हातात होतं आणि त्यांना ते धरता येत नव्हतं. कापडाचं ठाण धरावं तसं त्यांनी ते आडवं धरलं होतं. रस्त्याच्या कडेला गुलमोहर पेटलेले होते. मला ते दिसत होते आणि मी स्वतःला सांगत होते, हे लाल आहे, हे सुंदर आहे. पाठ केल्यासारखं.

लेडी डॉक्टर ठेंगण्या होत्या, जाड भिंगाचा चष्मा होता आणि त्यांच्या टेबलावर अर्धं खाल्लेलं काकडीचं सॅलड होतं. त्यांनी मला जवळजवळ तेच विचारलं जे कौतिकाबाईंनी विचारलं होतं. झोप, भूक, बाळ, मरण. याच क्रमानं. मला नवल वाटलं. एकीनं हे पुस्तकात वाचलं होतं, दुसरीला आपली सही धडपणे करता येत नव्हती, आणि दोघींचे प्रश्न एकच होते. मग डॉक्टरांनी यजमानांकडे वळून विचारलं, “तुम्ही यांच्याशी शेवटचं केव्हा बोललात?”

“रोज बोलतो,” ते म्हणाले.

“काय बोलता?”

 बाळाची लाळ त्यांच्या बाहीवर पडत होती. “विचारतो, कशी आहेस म्हणून,” ते म्हणाले आणि खाली पाहत राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला आठवतात. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या खोलीतून मनाच्या आजाराच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं, दोघं इंग्रजीत काहीतरी बोलले आणि मग लेडी डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. टायफॉइड जसा आजार, तसाच हाही. बाई वाईट असते म्हणून तो होत नाही. औषधानं बरा होतो, पण आठवड्याभरात नाही, महिने लागतील. गोळ्या दिल्या. संध्याकाळनंतरचं दूध बाटलीनं, सासूबाईंनी पाजायचं, म्हणजे हिला सलग झोप मिळेल. सकाळी ऊन चढायच्या आधी नवऱ्यानं हिला रोज फिरायला न्यायचं. डोक्याला फडकं नको, धुरी नको. आणि हिला एकटीला सोडायचं नाही.

“आणि बाळावर माया बसत नसेल तर?” मी विचारलं. तिथून उठण्याआधी हे विचारायलाच हवं होतं.

“तुम्ही त्याला पाजता ना? पुसता ना? सध्या तेवढं पुरे,” त्या म्हणाल्या.

ते ‘सध्या तेवढं पुरे’ मी घरी घेऊन आले. त्याचा मला गोळ्यांइतकाच उपयोग झाला असावा.

लोक म्हणतात, नवतपा चांगला तापला की पाऊस चांगला लागतो. माझ्या त्या नवतप्याबद्दल असं काही मला म्हणायचं नाही. त्या तापण्यातून काही पिकलं नाही. ते नसतं तर बरंच झालं असतं. आषाढातही मी रडत होते. पण झोपायला लागले होते. पहाटे मी आणि हे फिरायला जायचो. पहिले काही दिवस ते नुसते चालायचे. मग एकदा ते दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगायला लागले, लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या आणि एका रंगावरून भर दुकानात भांडलेल्या दोन व्याह्यांची. मी हसले नाही, पण पुढे काय झालं ते विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी गोष्ट आणली. आता मला वाटतं, त्यातल्या अर्ध्या गोष्टी त्यांनी रचलेल्या असणार. एवढं गमतीचं गिऱ्हाईक कुठल्या दुकानाला रोज मिळतं?

मी बरी कोणत्या दिवशी झाले, हे मी पुष्कळदा शोधून पाहिलं आहे. सापडत नाही. पण पहिल्यांदा काय परत आलं, ते मला पक्कं आठवतं. माया नव्हे, आनंदही नव्हे. पहिल्यांदा परत आला तो राग. श्रावण लागला होता. जेवताना वरणात मीठ फार पडलं होतं आणि मी ताट सरकवून म्हटलं, “एवढं खारट कोण खाईल?”  मग आत्याबाई दोन्ही हातांनी गाल धरून ओरडल्या, “भांडली वं बाप्पा, भांडली!” आणि हसता हसता त्यांच्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतकी वर्षं झाली, सासू सून भांडल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिला नाही.

बाळावरची माया त्याहून नंतर, आणि पावलांचा आवाज न करता आली. हिवाळ्यात कधीतरी मी त्याला स्वेटर घालत होते. त्याचा उजवा कान थोडा दुमडलेला होता, अगदी त्याच्या बापासारखा. तो मी सरळ केला, तो पुन्हा दुमडला. मी पुन्हा सरळ केला. तो हसला. त्यानंतर कितीतरी वेळानं माझ्या लक्षात आलं की आपण अर्धा तास या कानाशी खेळतो आहोत आणि स्वयंपाक राहिला आहे. त्याआधी ती आलेली असणार. कधी, ते मला खरंच माहीत नाही. यंदा त्यानं मॅट्रिकची परीक्षा दिली.

हे सगळं आता, कागद घेऊन बसून, लिहायचं कारण वंदना. आमच्या शेजारची सून. तीन आठवड्यांपूर्वी बाळंत झाली, मुलगी झाली. तिच्या खोलीत कूलर आहे, शेगडी नाही, खिडकी उघडी आहे, डोक्याला फडकं नाही. घरातले सगळे तिला जपतात. मुलगी पाहायला मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा मी मुलीचं नाक कुणावर गेलं आहे असं काहीतरी बोलत होते आणि वंदना मुलीकडे पाहत होती. न्याहाळून पाहत होती. ते पाहणं मी ओळखलं. आणि घरी येऊन काहीच केलं नाही. दोन दिवस काहीच केलं नाही. स्वतःलाच म्हणत राहिले, तुझं तुला चिकटलेलं आहे म्हणून तुला सगळीकडे तेच दिसतं.

शेवटी काल सकाळी इंदोऱ्याला गेले. कौतिकाबाई आता पासष्टीच्या पुढच्या. मुलगा रेल्वेत आहे, पक्कं घर आहे, बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि नातवंडांची पुस्तकं. सुनेनं चहा आणला. आम्ही एकसारख्या कपांतून प्यालो. सोळा वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

“तुम्हाला तेव्हा कळलं कसं हो, कौतिकाबाई?”

“एक डाव कळलं नोतं,” त्या म्हणाल्या. “म्हणून कळलं.”

मग त्यांनी सांगितलं. त्या तेव्हा उमरेडला होत्या, नव्यानं तेल लावायला जात होत्या. एका विणकराच्या घरी पहिलटकरीण होती. हिवाळ्याचे दिवस होते.

“बोले नाई, जेवे नाई. लेकरू रडलं का भिताडाकडे पाहे. मले राग ये तिचा. माहं बी लेकरू लहान होतं, मले त त्याच्याबिगर करमे नाई. मी तिले एक दिवस म्हटलं, काहून नाटकं करून राहिली वं? लोकाईले होत नाई, अन् तुले झालं त तोंड पाडून बसली! ते म्हणे, पुरे करा आजच्याले.” कौतिकाबाईंनी कप खाली ठेवला. “दुसऱ्या रोजी गेली त घरापुढं लोक जमले होते. घरचे म्हणे, इहिरीवर पाय घसरला.”



“नाव काय होतं तिचं?”

“नाव नाई ध्यानात. पाठ ध्यानात आहे. हातालेच याद आहे ते. खांदे असे कानाजवळ ओढून घेतलेले, कितीबी चोळा, ढिले पडत नोते. तुहेबी तसेच होते. तिच्या लेकराले मी दोन महिने तेल लावलं मंग. कोणी सांगतलं नोतं मले लावाले.”

 इतकी वर्षं मी त्यांना जाणत्या समजत होते, जणू त्यांना ते उपजतच येत होतं. ते ज्ञान त्यांनी कुठून आणलं होतं, आणि ते वागवत रोज सकाळी किती घरांतून फिरल्या होत्या, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

“अन् आज काहून आली इतक्या उनात?” त्यांनी विचारलं.

मी वंदनाचं सांगितलं. त्यांनी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग म्हणाल्या, “तिले इचारलं का?”

“नाही. कसं विचारू? तुम्ही येता का?”

त्यांनी हात पुढे केले. बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती. “यानं आता पीठबी मळवत नाई. तू जा. तेल लावून दे.”

“मला कुठं येतं तेल लावायला?”

“तेलाचं काय त्यात. जवळ बसाले निमित्त पायजे फक्त. अन् तू नुसती इचारून नको येऊ. तुहं सांग तिले आधी.”

आज सकाळी मी वाटीत तेल कोमट करून शेजारी गेले. वंदनाच्या सासूबाई चकितच झाल्या. “अवो बाप्पा, मास्तरीणबाई, तुमी काहून?” मी म्हटलं, शाळेला सुट्ट्या आहेत, रिकामीच आहे. मला ते काम नीट जमलं नाही. तेल चादरीवर सांडलं, जोर कुठं द्यायचा ते कळत नव्हतं. वंदना पालथी पडली होती.  मग तिच्या पाठीकडे पाहत मी बोलायला लागले. घरात एका वाक्यात घडी करून ठेवलेलं ते सगळं, यजमानांनाही पुरतं न सांगितलेलं, विहिरीसकट. माझा आवाज मला परका वाटत होता. मध्ये एकदा थांबले, वाटलं, फार झालं, ही घाबरेल.

वंदना कुशीवर वळली. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“मंग?” ती म्हणाली. “मंग काय झालं, काकू?”

मी सांगत गेले. राग आला तिथपर्यंत, कानापर्यंत. ती मधूनमधून विचारत होती. गोळ्या कडू होत्या का? किती महिने घेतल्या? सासूबाई काही बोलल्या का नंतर? मग विचारण्यासारखं संपलं आणि ती उशीत तोंड घालून रडायला लागली. या वेळी आवाज करून. मी तिच्या सासूबाईंना हाक मारली आणि मुलीला जरा वेळ बाहेर न्यायला सांगितलं. दुपारभर मी तिथेच बसून होते. तिच्या नवऱ्याला निरोप धाडून बोलावलं, त्याच्याशी आणि सासूबाईंशी बोलले. दोघं घाबरले, मग ऐकायला लागले. मी जेवायला घरी आले तेव्हा सासूबाई तिच्याजवळ बसल्या होत्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला होता.

निघताना वंदनानं विचारलं, “डॉक्टरकडं तुमी याल का संगं?”

येईन म्हटलं. उद्या सकाळी सातला निघायचं ठरलं आहे, ऊन चढायच्या आत.